सात मात्रांचा परण्या

आमच्या पहिल्या अल्बममध्ये आठ गाणी आहेत आणि त्यातल्या एकाही गाण्यावर धड नाचता येत नाही. हे आम्ही ठरवून केलं. मी कीबोर्ड वाजवतो आणि गातो, माझा दोस्त ड्रम वाजवतो, तिसरं कुणी नाही. ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी पॉप गाण्यांचे ते चकचकीत, गोडसर आवाज घ्यायचे आणि त्यांच्याखाली प्रोग्रेसिव्ह रॉकचा आडमुठा ताल सरकवायचा. कधी सात मात्रा, कधी अकरा. गाणं दहा-दहा मिनिटं चालणार, मध्येच मोडणार, भलतीकडूनच परत येणार. लातूरला मी हे कुणाला समजावून सांगितलं की समोरचा सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "म्हणजे भक्तिगीतं का सर?"

मी लातूरला एका शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवतो. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. तापट हा फार सभ्य शब्द झाला. मी मारकुटा आहे. आता पोरांना हात लावायची सोय नाही, म्हणून मी डस्टर भिंतीवर आपटतो, घरी कपाटाच्या दारावर मूठ मारतो. त्या दारावर तीन खड्डे आहेत, तिन्ही माझे.

वडील चाकूरला शाळामास्तर होते. त्यांनी मला पेटी शिकवली. सूर चुकला की ते पेटीचं झाकण माझ्या बोटांवर आदळायचे, रागानं नव्हे, अगदी शांतपणे, एखादी ओळ खोडावी तसं. माझ्या डाव्या करंगळीचं नख अजून वाकडंच उगवतं. मी रडलो की ते "पुन्हा" म्हणायचे. संगीत असंच शिकतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

सुट्टीत मात्र मी नांदेडला मामाकडे जायचो. मामा काही वर्षं आखातात नोकरी करून आला होता. येताना त्यानं सोन्याऐवजी एक कीबोर्ड आणि खोकंभर इंग्रजी कॅसेटी आणल्या, म्हणून मामी त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. कीबोर्ड चांगला जड होता, दोघांनी उचलावा लागे, आणि त्यात काचेच्या घंटांसारखा एक आवाज होता. मी तो तासन्‌तास बडवायचो. चुकलं तरी मामा वर्तमानपत्रातून डोकं काढायचा नाही. त्या घरात कुणी मारत नव्हतं आणि म्हणूनच ते संगीत मला आवडलं, हे मला फार उशिरा कळलं. पुढं इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एका सीनियरच्या हार्डडिस्कमधून ती लांबलचक, वाकडी रॉक गाणी हाती लागली. मामा गेला तेव्हा मामीनं कीबोर्ड मलाच दिला. "ह्याच्यातच त्याचा जीव होता, घेऊन जा," म्हणाली.

ड्रमवाला दोस्त मुदखेडचा. घरची बँड पार्टी, लग्नात वाजवणारी. मोठा भाऊ मालक, हा ऑक्टोपॅड आणि हलगी वाजवणार. मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते नांदेडला, एका चुलतभावाच्या वरातीत. सगळे बेभान नाचत होते आणि हा पठ्ठ्या चेहरा कोरा ठेवून मधूनच एखादी मात्रा गिळायचा. क्षणभर सगळ्यांचे पाय गोंधळायचे, लगेच हा त्यांना जाग्यावर आणायचा. कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. मी बँडच्या गाडीपाशी गेलो आणि म्हणालो, "ती मात्रा कुठं गेली?" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. "धा वर्षं झाली चोरून राहिलो," म्हणाला, "पकडणारे तुमीच पयले."

त्यानंतर दर रविवारी मी सकाळच्या एसटीनं लातूरहून नांदेडला जायचो. त्यानं तिथं एक खोली भाड्यानं घेतली होती. भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या होत्या, त्यातून सरकी गळायची. दार लावून आम्ही घामाघूम होऊन रेकॉर्डिंग करायचो. त्याला काय हवं होतं ते त्यानं मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. "माझ्या वाजवण्यावर आजवर लोकं नुसते नाचले. एकदा तरी लोकांनी न नाचता, गप बसून ऐकावं. बास, येवढंच हाय." तोवर तो मला तुम्ही म्हणत होता. नंतर तू म्हणायला लागला, पण 'सर' काही सोडलं नाही. "सर, तू लई बेसूर गायलास," असं म्हणायचा.

सहा गाणी झाली. दोन राहिली. आणि मला खाज सुटली.

आमचं सात मात्रांचं एक गाणं होतं. मला ते रस्त्यावर वाजवून बघायचं होतं. लोकांना कळतं का, पाय धरतात का, ते मला बघायचं होतं. दोस्त नको म्हणाला. "सर, रस्त्यावर सात वाजवत न्हाईत. मार पडंल." मी त्याला भित्रा म्हणालो. बँडवाला तो बँडवालाच राहणार, असंही म्हणालो. हे वाक्य मी बोललो, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. तो उठला आणि म्हणाला, "चल मग."

उमरीला एक लग्न होतं. लग्नाची तीथ दाट होती, त्याच दिवशी मोठा भाऊ दुसऱ्या गावच्या लग्नाची सुपारी घेऊन गेला होता. त्यामुळे उमरीची गाडी दोस्ताच्या हातात होती. आम्ही दोघांनी मामाचा कीबोर्ड गाडीवर चढवला. दुपारी परण्या निघाला. आमच्याकडं लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, तो परण्या. नवरदेवाच्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्या घरचा जावई, सगळ्यात पुढं नाचत होता. गुलाबी फेटा, चांगला उंचापुरा गडी, आणि नाचायला खरोखर चांगला. त्यानं नवरदेवाला खांद्यावर घेतलं आणि नाचत नाचत निघाला. मी दोस्ताला खूण केली.

सातचं असं आहे की पहिल्या फेरीत समेवर उजवा पाय पडला तर दुसऱ्या फेरीत तिथं डावा येतो. उभं राहून ऐकणाऱ्याला गंमत वाटते. खांद्यावर माणूस घेऊन नाचणाऱ्याला वाटत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला जावयाचे पाय एकमेकांत गेले आणि तो नवरदेवासकट तोंडावर आपटला. नवरदेवाचा ओठ फाटला. मुंडावळ्या तुटून धुळीत पडल्या. बायका किंचाळल्या. मुलीकडच्यांपैकी कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि म्हणालं, "ह्यांचा जावई पिऊन आला जणू!"

जावयानं उठून त्याच्या तोंडावर बुक्की मारली. मग काय, दोन्हीकडचे भिडले. मांडवातल्या खुर्च्या आल्या, बांबू आला. एक म्हातारा फेटा सोडून त्यानंच लोकांना हाणत होता. कुणाच्या तरी भुवईतून रक्त वाहून डोळ्यात उतरलं होतं आणि तो तसाच, एक डोळा मिटून, सापडेल त्याला मारत होता. मग कुणीतरी ओरडलं की बँडवाल्यांनी मुद्दाम केलं. चार-पाच जण गाडीवर चढले. जावई त्यांच्यात पुढं होता. त्यांनी कर्णे उपटले, मला पाठीत लाथा घातल्या आणि मामाचा कीबोर्ड उचलून रस्त्यावर आपटला. तो दोघांनी उचलावा लागे, त्यांनी चौघांनी उचलला. पट्ट्या दात पाडल्यासारख्या उधळल्या. ड्रायव्हरनं कशीबशी गाडी काढली.

गावाबाहेर जिनिंगच्या कंपाऊंडपाशी गाडी थांबली. आम्ही दोघं खाली उतरलो. दोस्ताच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तो भिंतीला टेकला आणि हसायला लागला. पोट धरून हसत होता. "बघितलं का सर? चौथ्या फेरीला! बरोब्बर चौथ्या फेरीला पाय गेले!"

मी त्याला कानाखाली मारली. पूर्ण हातानं, अंगातला सगळा जोर लावून, वडिलांसारखं शांतपणे नव्हे. त्याच्या डाव्या कानावर माझा तळवा पुरता बसला. चांगलं वाटलं. हे लिहायला नको असं मला बायको म्हणाली, पण चांगलं वाटलं, दोन सेकंद. तो अजून हसतच होता, कारण चेहऱ्याला कळायचं बाकी होतं. मग त्यानं कानाला बोट लावून बघितलं. बोटाला रक्त होतं. "सर," तो म्हणाला, "शिट्टी वाजून राहिली."

नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं की पडदा फाटलाय, तो भरून येईल, पण आतल्या नसेला दणका बसलाय, तिचं सांगता येत नाही. पडदा भरला. नस गेली, डावा कान बंद झाला. शिट्टी तेवढी राहिली.

दोस्तानं घरी सांगितलं, भांडणात लागलं. माझं नाव घेतलं नाही. दवाखान्याच्या बाहेर त्याच्या मोठ्या भावानं मला गाठलं. मी शिकवणारा माणूस म्हणून तो माझ्याशी फार अदबीनं वागायचा. "सर, तुम्ही तिथंच होते. कोणाचा हात होता?" मी म्हणालो, गर्दी होती, नीट दिसलं नाही. "तो गुलाबी फेट्याचा जावई गाडीवर चढला होता म्हणं. त्योच आसंल न्हवं?"

मी मान हलवली. नुसती मान. होय म्हणालो नाही, याचं मी नंतर बरेच दिवस स्वतःला समाधान देत होतो.

आठवड्यानं भावानं आणि त्याच्या दोन माणसांनी त्या जावयाला मुदखेडला स्टेशनबाहेर धरलं आणि लोखंडी पाइपानं त्याचा उजवा हात कोपरात मोडला. तो ओरडून विचारत होता म्हणे, की मी काय केलं, कोणाचा कान. त्यांना वाटलं, नाटक करतोय, म्हणून आणखी दोन मारले.

मला दोस्ताचा फोन आला. मी वर्गात होतो, बाहेर व्हरांड्यात येऊन घेतला.

"दादाला तू मान हलवली म्हणं."

"हाव."

त्यानं फोन ठेवला नाही, म्हणून मीच म्हणालो, "सांगू का मी दादाला? खरं काय ते?" माझ्या आवाजातच कळत होतं की मला सांगायचं नाही.

"तुझं तू बघ," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मी वर्गात परत गेलो आणि उरलेला तास शिकवला. घर्षणाचं प्रकरण चालू होतं.

रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सहा गाणी त्याच्या कॉम्प्युटरवर पडून राहिली. मी घरी कपाटावर चौथा खड्डा पाडायचा प्रयत्न केला, पण हात उचललाच जाईना. आपण एका माणसाचा कान घेतला आणि दुसऱ्याचा हात, आणि आपल्याला साधा ओरखडा नाही, हे मला खाऊन राहिलं होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. मी भित्रा होतो. मारकुटी माणसं बहुतेक भित्रीच असतात, निदान आमच्या घरातली तरी.

जावयानं पोलिसांत तक्रार दिली होती. काही महिन्यांनी दोन्हीकडच्या जाणत्यांनी मध्ये पडून मिटवायचं ठरवलं. भावानं उमरीला जावयाच्या सासऱ्याच्या अंगणात येऊन हात जोडायचे, मग तक्रार मागं. भावाचा मला फोन आला. "सर, तुम्ही चला. बोलायला शिकलेला माणूस पायजे." मी गेलो. कसा गेलो ते मला सांगता येणार नाही, पण नाही म्हणायला कारण सापडेना.

अंगणात सासरा बाजेवर बसला होता. जावई शेजारी खुर्चीवर. त्याचा उजवा हात कोपरात सरळ होत नव्हता, पोटाशी धरल्यासारखा राहिला होता. दोस्त माझ्या उजवीकडं उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. भावानं हात जोडले, चुकी झाली म्हणाला. जावयानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"माफीचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मला एक सांगा. मी बारक्यापनापासून नाचतो. कदी पडलो न्हाई. त्या दिवशी माझे पाय कामून अडकले?" मग सासऱ्याकडं न बघता म्हणाला, "हितं सगळे म्हणतेत मी पिलो होतो. बायको म्हणती. मामाजी म्हणतेत. मी थेंब घेतला न्हवता."

हात मोडल्याचं तो काहीच बोलत नव्हता. महिनोन्‌महिने तो याच्यातच अडकला होता.

दोस्त पुढं झाला. "तुमी पिले न्हवते, दाजी. आमी सात वाजवत होतो." जावयाला कळलं नाही. दोस्तानं त्याला उभं केलं आणि टाळ्या वाजवायला लागला. तीन, दोन, दोन. तीन, दोन, दोन. जावई पाय टाकायला लागला आणि तिथंच, मोकळ्या अंगणात, पुन्हा अडखळला. सासरा बाजेवरून पुढं वाकून बघत होता. आणि मी, जन्माचा मास्तर, मला राहवलं नाही. सम कुठं येते ते दाखवायला मी दोस्ताच्या डाव्या अंगाला सरकलो. "हे बघा, इथं पहिली," म्हणून मी हात झटक्यानं वर केला.

दोस्त खाली वाकला. दोन्ही हात डाव्या कानावर, कोपर पुढं, डोळे घट्ट मिटलेले. टाळी पाचव्या मात्रेला तुटली.

तो सावरून उभा राहिला, पण उशीर झाला होता. जावई माझ्या वर राहिलेल्या हाताकडं बघत होता.

"ह्यानं मारलं व्हय तुला?" त्यानं विचारलं.

भावानं माझ्याकडं वळून फक्त "सर?" म्हटलं. मी त्याला मान हलवून हो म्हणालो. मग म्हणालो, "कान मी फोडला. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं."

पहिली भावानं तोंडावर मारली, मग पोटात, मग मी खाली पडलो आणि तो लाथांनी मारत सुटला. दुसरं कुणी मध्ये पडलं नाही. माझ्या तोंडात माती आणि रक्त एकत्र झालं, एक दात हलला. सासरा ओरडला, "माझ्या अंगनात नको!" पण बाजेवरून उठला नाही. जावई एकदाही पुढं आला नाही. उभा राहून बघत होता आणि मध्येच सासऱ्याला म्हणाला, "आयकलं न्हवं मामाजी? पिलो न्हवतो मी." मला लागत होतं आणि मी मनात मोजत होतो, अजून पुरे झालं नाही, अजून नाही. भावानं माझा उजवा हात जमिनीवर दाबला आणि टाच उचलली.

तेव्हा दोस्त बोलला. "दादा, बोटं सोड त्याची. दोन गाणी ऱ्हायलीत."

भावानं टाच तशीच धरली. मग बाजूला टेकवली, माझ्यावर थुंकला आणि चालता झाला. दोस्त मात्र मला उठवायला आला नाही. फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

दोन गाणी आम्ही केली. मामाचा कीबोर्ड नव्हता, ते काचेचे आवाज मी कॉम्प्युटरवर बनवले, तसे जमले नाहीत. त्या सगळ्या रविवारी तो माझ्याशी फक्त गाण्यापुरतं बोलला. सर म्हणणं बंद केलं. मी माफी मागितली, दोनदा. दोन्ही वेळा तो म्हणाला, "टेक घे."

शेवटी मिक्सिंगला बसलो. कोणता आवाज डाव्या कानाला ऐकू यावा, कोणता उजव्या, हे ठरवायचं होतं. मी आधीच सगळं मधोमध आणून ठेवलं होतं, म्हणजे त्याला एका कानानंही पूर्ण गाणं ऐकू आलं असतं. त्यानं हेडफोन लावला, अर्धा मिनिट ऐकलं आणि काढून ठेवला.

"हे कामून केलं?"

मी पुन्हा माऊसकडं हात नेला.

"माझे ड्रम डावीकडं टाक. सगळे. मी वाजवलेत, मला म्हाईत हायेत. तू काय वाजवलंस तेवढं उजवीकडं ठेव, ते मला आयकायचंय."

मी तसंच केलं. मी एकेक ड्रम डावीकडं सरकवला आणि तो शेजारी बसून ते बघत होता. आता अल्बम लोकांपुढं आहे. ऐकणारे थोडे आहेत, पण ते गप बसून ऐकतात. त्यातले काही लिहितात की ड्रम सगळे एकाच बाजूला का, मिक्सिंगमध्ये काही चुकलं का. मी त्यांना कळवतो की हो, चुकलं, माझ्या हातून.